बाहेर पडण्याची वाट

दिल्लीला लागून, हिंडन नदीच्या दोन्ही तीरांवर उत्तर प्रदेशातील गाझियाबाद हे शहर वसले आहे. गेल्या काही दशकांत येथील वस्ती झपाट्याने वाढली आणि वस्तीपाठोपाठ शाळाही आल्या. काही शाळांना प्रशस्त आवार लाभले. काही मात्र मुळात राहण्यासाठी बांधलेल्या घरांतच भरू लागल्या. चारपाच माणसांच्या कुटुंबाला पुरणारा जिना शेकडो मुलांना पुरेल काय? तपासणीस आलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याने सर्वप्रथम हाच प्रश्न विचारावयास हवा.

या प्रश्नाचे उत्तर देशाला एकदा फार मोठी किंमत देऊन मिळाले आहे. तंजावर हे नाव मराठी माणसाला भोसले राजांमुळे परिचित आहे. त्याच तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत आग लागली. मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील ज्वाळा झावळ्यांच्या छपरापर्यंत पोहोचल्या. वरच्या मजल्यावरील वर्गांचे छप्परही तसेच होते. ते पेटून मुलांवर कोसळले. खाली येण्यास अरुंद जिना होता. त्या दिवशी ९४ मुले मृत्युमुखी पडली. आग विझविण्याची साधने तेथे असती तरी इतक्या मुलांना वेळेत खाली आणणे त्या जिन्यावरून कितपत शक्य झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

या दुर्घटनेनंतर अविनाश मेहरोत्रा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. १३ एप्रिल २००९ रोजी न्यायालयाने निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क अंतर्भूत आहे, असे त्यात स्पष्ट केले. इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेतील सुरक्षा नियमांनुसार असल्याची खात्री केल्याखेरीज शाळेला मान्यता देऊ नये, अस्तित्वात असलेल्या सर्व शाळांनी सहा महिन्यांत अग्निशमन साधने बसवावीत आणि ती वापरण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना द्यावे, असे आदेश देण्यात आले.

ही संहिता वाचावयास किचकट आहे. परंतु तिचा गाभा साधा आहे. बाहेर पडण्याचा दरवाजा किमान एक मीटर रुंद असावा आणि तो बाहेरच्या बाजूस उघडावा. यामागे अनुभव आहे. घाबरलेला जमाव दाराकडे धावतो तेव्हा मागचे लोक पुढच्यांना रेटतात. दार आत उघडणारे असेल, तर ते ओढण्यासाठी मागे सरकावयास जागाच उरत नाही. तसेच आतून बाहेर पडताना किल्लीची गरज पडता कामा नये. चोरी होऊ नये म्हणून दुसऱ्या जिन्याला कुलूप लावण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. त्या कुलपाने सामान वाचते. माणसे मात्र अडकतात. शाळेचा जिना किमान दीड मीटर रुंद असावा, असेही संहिता सांगते. त्यावर मोडकी बाके रचून ठेवली, तर कागदावरचा दीड मीटर प्रत्यक्षात अर्धाही उरत नाही.

उत्तर प्रदेशात यासाठी २००५ साली अग्निसुरक्षेचा कायदा झाला. २०२२ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. जिल्ह्याच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचे कार्यालय तपासणी करते. गाझियाबादमधील अनेक खाजगी शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत आणि त्या संलग्नतेसाठीही अग्निसुरक्षा प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात २००६ च्या अधिनियमाने जबाबदारी थेट इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर टाकली आहे. बसविलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते.

तरीही अधिकारी येतो तो एका दिवसापुरता. त्या दिवशी जिना मोकळा असतो, कुलूप काढलेले असते. उरलेल्या दिवसांची तपासणी इमारतीत रोज वावरणाऱ्यांनाच करता येते, आणि त्यासाठी फारसे तांत्रिक ज्ञान लागत नाही. अग्निशामक नळकांड्यावरील दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, त्याची खीळ जागेवर आहे का, हे कोणालाही दिसते. वापरताना खीळ काढून फवारा ज्वाळांच्या टोकावर नव्हे, तर मुळाशी मारावा. विजेच्या तारांना आग लागली असता पाणी ओतू नये. आग आटोक्यात येत नसेल, तर साधन तेथेच टाकून बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे.

आपल्यापैकी अनेक जण सुट्टीच्या दिवशी एखाद्या शाळेतील अभ्यास केंद्रावर जातात. सुट्टीमुळे त्या दिवशी शाळेचा एकच दरवाजा उघडा असण्याचा संभव असतो.

पाठगत प्रश्न

१. बाहेर पडण्याचा दरवाजा बाहेरच्या बाजूस का उघडावा?

२. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली शाळांना कोणते आदेश दिले?

३. आपल्या अभ्यास केंद्रात किंवा आपल्या मुलांच्या शाळेत जाऊन बाहेर पडण्याच्या वाटा मोजा. त्यांपैकी किती वाटा त्या वेळी उघड्या होत्या, ते लिहा. बंद वाटेची किल्ली कोणाजवळ होती?