यंदाची येळवस, हात राखून

येळवशीसाठी पैसे उचलू नकोस. आधी एवढं सांगते, मग बाकीचं निवांत बोलू. परवा तू दबक्या आवाजात विचारलंस, "ताई, पाच-दहा हजार घेतले तर चालतील का? पुण्याची माणसं येणार, पहिल्यांदाच सगळं माझ्या अंगावर आहे." तेव्हा भोवती बायका होत्या म्हणून मी काही बोलले नाही. बचत गटातून पाच हजार घेतलेस, तर महिना दोन टक्क्यांनी शंभर रुपये नुसतं व्याज. दर आठवड्याला दारात येणाऱ्या फायनान्सवाल्याचे घेतलेस, तर पाहुणे जातील आणि तो येत राहील. गटातलं कर्ज दुखण्या-बाण्याला ठेवावं, बी-बियाण्याला ठेवावं. जेवणावळीला ते लावायचं नाही.

यंदाचं साल कसं गेलं ते तुला मी काय सांगू? सप्टेंबरच्या शेवटी भूम-परंड्यात जे पाणी आलं, त्यात सोयाबीन तर गेलंच, कित्येकांची मातीही गेली. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारने हेक्टरी ४७ हजार जाहीर केले, रब्बीच्या बियाण्या-खतासाठी वेगळे १० हजार. तुझ्या घरी त्यातलं जे काही जमा झालं असेल, ते मातीचं आहे. गाळ भरायला, बांध घालायला ते लागणार. सणाला त्यातला रुपया काढू नकोस, नवरा म्हणाला तरी. लाडक्या बहिणीचे पंधराशे वापर, ते तुझे हक्काचे आहेत. पण हप्ता सणाच्या आधी येईलच असं धरून उधारी करू नकोस. तारीख मागंपुढं होते, हे आपण सगळ्याजणी बघतोच आहोत.

आता सणाकडे ये. येळवस हा मुळात खर्चाचा सण नाहीच गं. आपल्याकडे ती होते, पण उमरगा, लोहारा, लातूर, निलंगा भागात तिचा थाट बघ. गावं ओस पडतात, माणसं शेतात जातात. कडब्याची खोप, आत पाच दगडांचे पांडव, चुन्याने रंगवलेले. समोर आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर. पूजा झाली की आंबिलीचे शिंतोडे उभ्या पिकावर. यात विकत आणायचं काय आहे? कडबा, ज्वारी, ताक, पालेभाज्या, गूळ. शेतकऱ्याने शेताचे उपकार मानायचा हा दिवस, आणि तो शेतातल्याच वस्तूंनी मानायचा असं आपल्या आधीच्या बायकांनी ठरवून ठेवलंय. पैसा सगळा वाहतो तो पुढे चिकटवलेल्या गोष्टींत: साड्या, पनीर, मिठाईचे पुडे, मंडपवाल्याच्या खुर्च्या. ते काढून टाक, सण आहे तसा राहतो.

तुझी खरी अडचण भज्जीची आहे, पाहुण्यांची नाही. पाण्यामुळे रब्बीची पेरणी लांबली. १९ डिसेंबरला आपल्या हरभऱ्याला घाटे कुठून येणार? तुरीही पाण्यात बसल्या. बाजारात हिरवे दाणे मिळतील, पण त्या दोन-चार दिवसांत सगळ्यांनाच हवे असतात आणि भाव चढलेला असतो. म्हणून वाळलेला हरभरा, वाटाणा, पावटा घरात असेल तो आदल्या सकाळीच भिजत घाल. हिरवी तूर पावशेरच आण, वासापुरती. भज्जीला चव येते ती चुक्याने, मेथीने, कांद्याच्या पातीने, चिंचेच्या कोळाने आणि ताकात कालवलेल्या बेसनाने. वरून लसणाची फोडणी सढळ हाताने घाल. कुणी म्हणालंच, "दाणे वाळके दिसतात," तर सरळ सांग, यंदा रान उशिरा पेरलंय. शेतकऱ्याच्या घरात यात लपवण्यासारखं काही नाही.

गोडाचं बघ. भूमच्या खव्याचं नाव मोठं, म्हणून पुण्याची माणसं आली की गुलाबजाम केलाच पाहिजे असं तुला वाटतं. किलोभर खव्याला पाच लिटर दूध आटतं, तेव्हा त्याचा भाव कमी कसा असेल? दोन म्हशींचं दूध तू रोज भट्टीला घालतेस. त्या एका दिवशी घालू नकोस. तेच दूध खिरीला होईल, दह्याला होईल, संध्याकाळी शेतात उतू घालायला होईल. एक दिवसाची पट्टी बुडेल, तेवढा खर्च मी मंजूर करते. खवा ज्यांना न्यायचाय त्यांना भट्टीवर पाठव, ते आनंदाने स्वतःच्या पैशाने घेतात. निघताना तू त्यांच्या पिशवीत शेंगाच्या चार पोळ्या आणि जवसाची चटणी बांधून दे.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. यंदा येळवस शुक्रवारी आहे. म्हणजे माणसं गुरुवारी रात्री उतरणार आणि रविवारी दुपारी निघणार. तू हिशेब धरलायस एका जेवणाचा, आणि खरा खर्च पूर्ण अडीच दिवसांचा आहे. शनिवारी सकाळी उरलेली भज्जी गरम कर, शिळ्या भाकरीबरोबर ती पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागते. दुपारी पिठलं आणि ठेचा. रात्री मुगाची खिचडी आणि कढी. रविवारी धपाटे आणि दही, तेच वाटेत डब्यालाही होतील. हे आधी लिहून काढ आणि किराणा एकदाच आण. रोज पोराला दुकानात पिटाळलंस की प्रत्येक वेळी पन्नास रुपयांचं जास्तीचं काहीतरी येतं.

येणाऱ्यांकडून काही मागायला तुला संकोच वाटतो, तो सोड. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, तोही मुळात सुगी घरात आल्याचे आभार मानायचाच सण. तिकडे अशा जेवणाला बऱ्याच घरी प्रत्येकजण एकेक पदार्थ करून आणतो, पॉटलक म्हणतात त्याला, आणि यजमानाला त्यात कमीपणा वाटत नाही. मग सख्ख्या दिराला "येताना पाच किलो तेलाचा डबा आणा" म्हणायला तू का लाजावंस? नणंदेला तिळाच्या पोळ्या करून आणायला सांग, तिच्या हाताला त्या छान जमतात. जावेला फक्त उंडे सांग. ज्याला त्याला आजच फोन कर, आणि एकेकच पदार्थ सांग. "काहीतरी घेऊन या" म्हटलंस की चौघंजण केळीच घेऊन येतील.

आणि गाडी करून येऊ नका म्हणावं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आत्यांना तर काहीच नाही. आधारकार्ड तेवढं जवळ ठेवायला सांग. भाड्याच्या गाडीचे वाचलेले पैसे तुला नको आहेत, पण "आम्ही एवढा खर्च करून आलो" हे वाक्य ऐकायला लागत नाही, आणि मग आहेराची अपेक्षाही जरा खाली येते.

आहेराचंच राहिलं. खरं भांडण तिथेच असतं. सासूबाईंना आत्ताच शांतपणे बसवून सांग, की यंदा कुणाला साडी नाही, कुणाकडून साडी नाही. हे त्यांच्या तोंडून फोनवर गेलं पाहिजे, तुझ्या तोंडून गेलं तर तू कंजूष ठरशील. लेकींची ओटी मात्र भर: खण, नारळ, मूठभर गहू, हळदी-कुंकू. माहेरी येऊन रिकाम्या ओटीने परतणं बाईला लागतं, मग ती कितीही शिकलेली असो. साडीवाचून कुणाचं अडत नाही. पोरांना तर कपडे आठवतही नाहीत. लिंबाला सोलाचा झोका बांध, बोरं दाखव, उसाचं एकेक कांडं हातात दे. दिवसभर ती तुझ्याकडे काही मागणार नाहीत.

सगळीकडे हात आखड म्हणते आहे, पण एका ठिकाणी आखडू नकोस. ज्यांना शेत नाही, त्यांना येळवशीला बोलवायचं असतं. तुझ्या शेजारची ती एकटी राहणारी मावशी, पुरात घर पडलं ते कुटुंब, ऊसतोडीला गेलेल्यांची मागं राहिलेली म्हातारी. दहा माणसं वाढली तर दोन शेर ज्वारीचं पीठ जास्त लागेल, एवढंच. यंदा काटकसर म्हणून ही माणसं गाळलीस आणि त्याच पैशात पाहुण्यांना थंड बाटल्या आणल्यास, तर मला आवडणार नाही. मी स्पष्टच सांगते, खोपीपुढच्या पंगतीत गावातलं कुणी नसेल तर ती येळवस अर्धी.

पुढे १४ जानेवारीला संक्रांत आहेच. वाणाचे प्लास्टिकचे डबे आत्तापासून घेऊन ठेवू नकोस. आपल्या गल्लीतल्या चौघींनी मिळून एकच हळदी-कुंकू करू, रथसप्तमीच्या आधी एखादा दिवस धरून. वाण म्हणून मेथी-पालकाच्या बियांची पुडी देऊ, परसात लागेल सगळ्यांच्या. आणि ज्यांचे नवरे गेले त्यांनाही बोलवू. कुणी नाक मुरडलं तर मी आहे तिथं बोलायला.

तुला भीती आहे ती लोक काय म्हणतील याची, मला कळतंय. पण या साली आपल्या भागात कुणाच्या घरात काय उरलंय हे सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्यांनाही माहीत आहे, त्यांनी पुराचे व्हिडिओ पाहिलेत. ते येतायत ते तुला बघायला, शेत बघायला. त्यांना सोबत घेऊन बांधावर जा, कुठली माती गेली ते दाखव. दीर धडधाकट आहेत, शनिवारी दोन तास फावडं हातात दे त्यांच्या.

ताक आत्तापासून साठवायला लाग, आणि गुरुवारी रात्री ज्वारीचं पीठ त्यात भिजव म्हणजे शुक्रवारी पहाटे आंबील नीट आंबलेली असेल. मातीचं मोठं मडकं विकत घेऊ नकोस, माझ्याकडे दोन आहेत. बुधवारी पोराला पाठव.