अंगावरून वारा जातो म्हणजे काय?



कुणाचे तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, की वस्तीत म्हणतात, "अंगावरून वारा गेला." हा वारा नव्हे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. यालाच पक्षाघात किंवा लकवा म्हणतात.

हा आजार किती जणांना होतो, हे नुसत्या रुग्णालयाच्या नोंदींवरून कळत नाही. जो तिथे पोहोचलाच नाही, त्याची नोंद कोण करणार? म्हणून वस्तीत, गावात जाऊन मोजावे लागते. २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका भागात अशी पाहणी झाली. वर्षाला लाखामागे सुमारे १४५ जणांना पहिल्यांदा पक्षाघात झाला. त्यांतले दहापैकी जवळजवळ तीन जण २८ दिवसांत दगावले. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे शोधली. १,५९९ पैकी २२९ मृत्यू पक्षाघाताचे निघाले. इतर कोणत्याही एका कारणापेक्षा जास्त. त्यांतले ८७ टक्के घरीच झाले. रुग्णालयाच्या वहीत हे मृत्यू दिसलेच नसते.

म्हणून एवढे पाठ करा. हसायला सांगा, तोंड वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? बोलणे अडखळते का? यातले एक जरी दिसले, तरी वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेल चोळणे, अंगारा, तोंडात पाणी घालणे यांत वेळ घालवू नका. मनाने गोळीही देऊ नका.

घरी आणल्यावर रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतात. सांगितलेला व्यायाम रोज करून घ्या. बरे वाटले म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. तंबाखू, विडी सोडायला लावा. दुसरा झटका यामुळेच टळू शकतो.

विहारात रविवारी वंदना झाल्यावर आशाताईंना बोलावून तिशीपुढच्या सर्वांचे बीपी मोजा. एक वही ठेवा: वस्तीत पक्षाघात कुणाला झाला, किती वाजता कळले, रुग्णालयात किती वाजता पोहोचले, महिन्याने तो माणूस चालतो-बोलतो का, गोळ्या चालू आहेत का. रुग्णवाहिका उशिरा येते, दवाखान्यात औषध नसते, असे आपण नुसते बोललो तर कुणी ऐकत नाही. वही पुढे ठेवली, तर उत्तर द्यावे लागते.