योसेफाच्या अस्थी आणि धरणाचे पाणी
शास्त्रपाठ : उत्पत्ति ५०:२४-२६, निर्गम १३:१९, यहोशवा २४:३२

सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीकडे गेले की मधुबन धरणाचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. दमणगंगेवरील या धरणाची भिंत गुजरातेत आहे. पाणी मात्र दुधनी-कौंचा भागातील आदिवासींच्या शेतांवर चढले. धरणासाठी गाव उठते तेव्हा शेताचा मोबदला ठरतो, घराची मोजणी होते. पुरलेल्यांच्या वतीने कचेरीत अर्ज कोणी द्यावा?

योसेफाने ही चिंता मरण्यापूर्वीच वाहिली. आपल्या अस्थी मिसरात ठेवू नका, अशी शपथ त्याने भावांना घातली. पुढे निघण्याच्या त्या रात्री इस्राएलास कणीक फुगू देण्याइतकीही सवड नव्हती. तरी मोशेने त्या अस्थी बरोबर घेतल्या. चाळीस वर्षे रानातून त्या वाहिल्या गेल्या व अखेर शखेमात, याकोबाने विकत घेतलेल्या जमिनीत पुरल्या गेल्या. योसेफाची स्वप्ने, त्याची धान्याची कोठारे, सारे बाजूस ठेवून इब्रीकरांस पत्राने (११:२२) त्याच्या विश्वासाची साक्ष म्हणून हीच आज्ञा निवडली आहे.

कोणी म्हणेल, आत्मा प्रभूजवळ असता हाडांची काळजी कशाला? पुनरुत्थानास पाणी आडवे येत नाही, हे खरेच, समुद्रही आपल्यातील मृत परत देईल (प्रकटी. २०:१३). ज्यांच्या कबरी बुडाल्या त्यांनी भिऊ नये. पण योसेफाच्या अस्थी मृतासाठी नव्हे, जिवंतांसाठी वाहिल्या गेल्या. देवाचे वचन त्यांच्या डोळ्यांपुढे राहावे म्हणून.

गोव्यात साळावली धरणाखाली १९८० च्या दशकात कुर्डी गाव गेले. तेथील प्राचीन महादेव मंदिर दगड दगड सुटा करून दुसरीकडे उभारले. साध्या माणसांच्या खुणा तशा हलल्या नाहीत. मे महिन्यात पाणी ओसरते, घरांची जोती उघडी पडतात, आणि वाडे व वालकिणी येथे वसविलेले लोक परत येतात. ख्रिस्ती कुटुंबे चॅपेलचा सण करतात, हिंदू सोमेश्वराचा उत्सव करतात. अमेरिकेत टेनेसीमधील नॉरिस धरणाच्या वेळी (१९३३-३६) पाच हजारांवर कबरी हलविल्या गेल्या. प्रत्येक कबरीची नोंद झाली, नातलगांस विचारले गेले, आणि ज्यांना नको होते त्यांच्या कबरी जागीच राहू दिल्या. मला यांतले विचारणेच अधिक मोलाचे वाटते.

आपल्या २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्यात नव्या वसाहतीस द्यावयाच्या सोयींच्या यादीत दफनभूमी किंवा स्मशानभूमी आहे. जुन्या कबरी हलविण्याचा उल्लेख त्या यादीत नाही. म्हणजे जागा मागता येते, कबरींची तजवीज मंडळीला स्वतः करावी लागते. दमणगंगेच्या वरच्या अंगास भुगड व खारगीहिल अशी आणखी दोन धरणे दमणगंगा-पिंजाळ जोड योजनेत सुचविलेली आहेत. तेव्हा प्रश्न जुना झालेला नाही.

संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी : मोठ्या मुलांना एखाद्या वडीलधाऱ्यांबरोबर दफनभूमीत न्यावे. नाव, साल, कोणाशेजारी कोण, हे वहीत उतरवून नकाशा काढावा. लाकडी क्रूस कुजतात, त्यांपासून सुरुवात करावी. नाव पुसलेल्या कबरीजवळ म्हाताऱ्यांना विचारावे आणि ते सांगतील तसे लिहून घ्यावे. वहीची एक प्रत पाळकांकडे, एक मंडळीच्या कपाटात ठेवावी.