प्रवासवाटेवरील मित्राचे घर : हेतू, हक्क आणि मर्यादा

शाळांना सुट्या लागल्या की अनेक कुटुंबे स्वतःच्या मोटारीने दूरच्या प्रवासाला निघतात. कोणी आजोळी जातो, कोणी लग्नसमारंभाला, तर कोणी मुलांना देश दाखवायला. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाला आहे. पूर्वी याच प्रवासात एकामागून एक गावे लागत. कुठे चहासाठी गाडी थांबे, कुठे नमाजसाठी मशीद शोधली जाई आणि त्या निमित्ताने एखाद्या जुन्या मित्राच्या दारावर थाप पडे. आता महामार्ग गावांना वळसा घालून जातो. मित्राचे गाव फलकावर दिसते आणि क्षणात मागे पडते. आपण मुद्दाम ठरवल्याशिवाय गाडी महामार्गावरून खाली उतरत नाही.

म्हणजे वाटेवरच्या मित्राची भेट आता योगायोगाची गोष्ट राहिलेली नाही, ती निर्णयाची गोष्ट झाली आहे. आणि जिथे निर्णय असतो तिथे हेतूचा, म्हणजेच नियतचा प्रश्न येतो. कर्मांची किंमत हेतूवर ठरते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण इमाम बुखारी यांनी आपल्या संग्रहाच्या अगदी प्रारंभी नोंदवली आहे. प्रवासातील या छोट्याशा थांब्याविषयी आपला दीन काय शिकवतो, ते या पाठात पाहू या.

१. भेट कोणासाठी?

सहीह मुस्लिममध्ये ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस आहे. एक मनुष्य दुसऱ्या गावी राहणाऱ्या आपल्या बंधूच्या भेटीस निघाला. अल्लाहने त्याच्या वाटेवर एक फरिश्ता बसवला. फरिश्त्याने त्याला विचारले की, तू कोठे निघालास आणि त्या माणसाशी तुझे काही देणेघेणे किंवा त्याच्याकडून साधायचे काही हित आहे काय? त्याने उत्तर दिले की, तसे काहीच नाही, केवळ अल्लाहसाठी माझे त्याच्यावर प्रेम आहे. तेव्हा फरिश्त्याने त्याला शुभवार्ता दिली की, जसे तू अल्लाहसाठी त्याच्यावर प्रेम करतोस, तसेच अल्लाहही तुझ्यावर प्रेम करतो. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये ह. मुआज बिन जबल (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्येही हाच आशय आहे. जे अल्लाहसाठी एकमेकांवर प्रेम करतात, एकत्र बसतात, एकमेकांना भेटतात आणि एकमेकांवर खर्च करतात, त्यांना अल्लाहचे प्रेम लाभते.

फरिश्त्याच्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्यावे. त्याने अंतर विचारले नाही, सोबत कोणती भेटवस्तू आहे हेही विचारले नाही. त्याने फक्त स्वार्थाविषयी विचारले. आपल्या थांब्यालाही हीच कसोटी लावावी. रात्रीच्या मुक्कामाचे भाडे वाचावे, मुलांना घरचे जेवण मिळावे, गाडीला सुरक्षित जागा मिळावी, एवढ्यासाठीच मित्राचे घर आठवत असेल, तर तो व्यवहाराचा थांबा झाला. तो निषिद्ध नाही. सूरह नूरमध्ये (२४:६१) ज्या घरांत जेवण्यास हरकत नाही असे सांगितले आहे, त्यांत आप्तांच्या घरांबरोबर मित्राच्या घराचाही उल्लेख आहे. मैत्रीला दिलेला हा मोठा मान आहे. परंतु सोयीला सोय म्हणावे आणि भेटीला भेट. दोन्ही एकत्र आल्या तर भेटीचे पारडे जड असावे.

२. दारापाशी पोहोचण्यापूर्वी

सूरह नूरमध्येच (२४:२७-२८) श्रद्धावंतांना आज्ञा आहे की, दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय व घरच्यांना सलाम केल्याशिवाय प्रवेश करू नका, आणि परत जा असे सांगितले गेले तर परत जा, तेच तुमच्यासाठी अधिक निर्मळ आहे. परवानगी तीन वेळा मागावी आणि ती मिळाली नाही तर परतावे, ही ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सुनन अबू दाऊदमध्ये असेही आले आहे की, प्रेषित (स.) कोणाच्या दारी गेल्यास दारासमोर उभे राहत नसत, उजव्या किंवा डाव्या बाजूस उभे राहत, म्हणजे घरात नजर जात नसे.

या आज्ञेचे मर्म असे की, यजमानाला नकार देण्याची मोकळीक असली पाहिजे. आजच्या काळात दूरध्वनी हा दारावरची पहिली थाप आहे. मात्र गाडी गावात शिरल्यावर, आम्ही दहा मिनिटांत पोहोचतो, असे कळवणे ही परवानगी मागणे नव्हे. ती केवळ सूचना आहे, कारण त्या क्षणी मित्र नाही म्हणूच शकत नाही. त्याच्या घरी आजारपण असेल, मुलाची परीक्षा असेल, महिनाअखेरची ओढाताण असेल. निघण्याच्या दोनतीन दिवस आधी विचारावे आणि विचारतानाच त्याची वाट मोकळी ठेवावी : या वेळी जमत नसेल तर परतीच्या प्रवासात भेटू. मित्राने अडचण सांगितली तर मनात किंतु ठेवू नये. ज्या परतण्याला कुरआनने अधिक निर्मळ म्हटले, त्यात अपमान कसला?

३. सलमान (रजि.) पाहुणे म्हणून

मित्राच्या घरी जाणे म्हणजे नेमके काय करणे, हे समजण्यासाठी ह. सलमान फारसी (रजि.) यांच्या जीवनातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. एकात ते पाहुणे आहेत, दुसऱ्यात यजमान.

पहिला प्रसंग सहीह बुखारीत आहे. प्रेषित (स.) यांनी ह. सलमान आणि ह. अबू दरदा (रजि.) यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडून दिले होते. एकदा सलमान त्यांच्या घरी गेले असता अबू दरदा यांच्या पत्नी त्यांना अत्यंत साध्या, स्वतःकडे दुर्लक्ष केलेल्या वेशात दिसल्या. सलमान यांनी कारण विचारले. त्या म्हणाल्या की, तुमच्या बंधूला या जगाची काही गरजच उरलेली नाही. इतक्यात अबू दरदा आले, त्यांनी सलमान यांच्यापुढे भोजन ठेवले आणि आपला रोजा असल्याचे सांगितले. सलमान म्हणाले की, तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. ते जेवले. रात्री अबू दरदा नमाजसाठी उठू लागले, तेव्हा सलमान यांनी त्यांना झोपायला सांगितले. ते पुन्हा उठू लागले, तेव्हाही तेच सांगितले. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी सलमान यांनी त्यांना उठवले आणि दोघांनी नमाज अदा केली. मग त्यांनी समजावले की, तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या शरीराचा हक्क आहे आणि तुमच्या पत्नीचाही हक्क आहे. ज्याचा त्याचा हक्क ज्याला त्याला द्या. हे प्रेषित (स.) यांच्या कानी गेले तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असा निर्वाळा दिला.

या पाहुण्याने काय केले? त्याने घराची स्थिती पाहिली, विचारपूस केली आणि बंधूला एकांतात, प्रेमाने, योग्य वेळी सांगितले. घरातील स्त्रीचे दुःख त्याने ऐकून सोडून दिले नाही. रोज दूरध्वनीवर बोलणाऱ्या मित्राचा आवाज ठीक वाटतो, पण त्याची खरी अवस्था त्याच्या घरी गेल्यावरच कळते. धंद्यात तो खचला आहे काय, वृद्ध आईची सेवा एकट्यावर पडली आहे काय, त्याने मशिदीत जाणे सोडले आहे काय, ही गोष्ट त्याच्या बैठकीत तासभर शांत बसलेल्या मित्राच्या लक्षात येते. तो तास आपण महामार्ग, मोटारी आणि राजकारण यांच्या गप्पांत घालवला तर भेट झाली, परंतु मित्र भेटला नाही.

४. सलमान (रजि.) यजमान म्हणून

दुसरा प्रसंग इमाम हाकिम यांच्या मुस्तद्रकमध्ये आला आहे. दोन पाहुणे सलमान यांच्या घरी आले. घरात भाकरी आणि मीठ होते, तेच त्यांनी पुढे ठेवले आणि सांगितले की, प्रेषितांनी (स.) आम्हाला अवास्तव सरबराई करण्यास मनाई केली नसती तर मी तुमच्यासाठी तीही केली असती. पाहुण्यांपैकी एक जण बोलून गेला की, मिठाबरोबर थोडी सुगंधी वनस्पती असती तर बरे झाले असते. सलमान यांनी आपले वजूचे भांडे गहाण ठेवून ती आणवली. जेवण झाल्यावर त्याच पाहुण्याने, आहे त्यात समाधान मानायला लावणाऱ्या अल्लाहची स्तुती केली. तेव्हा सलमान म्हणाले की, तुम्ही आहे त्यात समाधान मानले असते तर माझे भांडे गहाण पडले नसते.

हा प्रसंग यजमान आणि पाहुणा दोघांनाही शिकवतो. यजमानाने आहे ते आनंदाने पुढे ठेवावे. ह. इब्राहीम (अलै.) यांनी अनोळखी पाहुण्यांसाठी न बोलता घरातून पुष्ट वासरू आणले (कुरआन, ५१:२४-२७), ते त्यांच्याजवळ होते म्हणून. ज्याच्याजवळ भाकरी आणि मीठ आहे त्याने भाकरी आणि मीठ ठेवावे. आपल्याकडे मात्र मित्र सहकुटुंब येणार म्हटले की बिर्याणीचा घाट घातला जातो, त्यासाठी कधी उसनवारी होते आणि घरातील स्त्री सकाळपासून चुलीपुढून हलत नाही. मग पुढल्या वर्षी पाहुणे येणार म्हटले की घरातल्यांच्या कपाळावर आठ्या उमटतात. अशा रीतीने सरबराईच मैत्रीचा मार्ग बंद करते. म्हणून पाहुण्यानेच आधी सांगावे : वरणभात करा, आम्ही फळे घेऊन येतो. आणि मुलांना निघतानाच शिकवावे की, पुढे येईल ते खायचे, त्यात नसलेले मागायचे नाही.

५. किती थांबावे?

ह. अबू शुरैह (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार पाहुण्याचा विशेष सत्कार एक दिवस व एक रात्र, पाहुणचार तीन दिवस आणि त्यापुढे जे दिले जाईल ते दान होय. यजमानाला अडचणीत टाकेपर्यंत त्याच्याकडे राहणे पाहुण्याला वैध नाही. सूरह अहजाबमध्ये (३३:५३) प्रेषितांच्या (स.) घरासंबंधी श्रद्धावंतांना शिकवण दिली आहे की, जेवण झाल्यावर गप्पांत गुंतून बसू नका, कारण प्रेषितांना (स.) त्याचा त्रास होई आणि ते संकोचाने बोलत नसत. आपला मित्रही संकोचाने बोलणार नाही. त्याचा संकोच ओळखणे ही आपली जबाबदारी आहे. निघताना यजमानाच्या उपजीविकेत बरकत, त्याला क्षमा आणि त्याच्यावर कृपा व्हावी, अशी प्रार्थना करणे ही सुन्नत आहे. मुलांकडूनही ती म्हणवून घ्यावी.

६. मित्राच्या घरी नमाज

प्रवासी चार रकातींची फर्ज नमाज दोन रकाती अदा करतो. फज्र व मगरिबमध्ये बदल होत नाही. हनफी मतानुसार यासाठीचे अंतर सुमारे ७७ किलोमीटर धरले जाते आणि एका ठिकाणी १५ दिवस किंवा अधिक राहण्याचा हेतू असेल तर सवलत संपते. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे शाफई मताची आहेत. त्या मतात आगमन व प्रस्थानाचे दिवस वगळून पूर्ण चार दिवसांच्या मुक्कामाचा हेतू केल्यास नमाज पूर्ण करावी लागते. म्हणजे मित्राकडील एकदोन रात्रींच्या मुक्कामाने आपण प्रवासीच राहतो. मात्र गावच्या मशिदीत स्थानिक इमामामागे उभे राहिल्यास पूर्ण चार रकाती अदा कराव्यात. घरात जमात झाली तर इमामतीचा पहिला हक्क घरधन्याचा आहे. त्याच्या अनुमतीशिवाय पाहुण्याने पुढे होऊ नये, तसेच त्याच्या खास आसनावर बसू नये, असे सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये आहे. त्याने आग्रहाने प्रवाशाला पुढे केले, तर प्रवाशाने दोन रकातींनंतर सलाम फेरावा व स्थानिकांनी उरलेल्या पूर्ण कराव्यात.

७. पत्नीची मैत्रीण आणि वडिलांचे मित्र

कौटुंबिक प्रवासात गाडी बहुधा पुरुषाच्या मित्राच्याच दारी थांबते. पण मैत्री पत्नीलाही असते. ह. आयशा (रजि.) सांगतात की, ह. खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतरही प्रेषित (स.) बकरी कापली की तिचे मांस खदीजांच्या मैत्रिणींकडे आवर्जून पाठवीत. ज्या पतीने पत्नीच्या मृत्यूनंतरही तिच्या मैत्रिणींची आठवण ठेवली, त्याच्या अनुयायांनी पत्नीच्या हयातीत तिच्या मैत्रिणीसाठी दहा किलोमीटरचा वळसा जड का मानावा? स्त्रीपुरुषांच्या भेटीतील दीनच्या मर्यादा पाळून दोन्ही कुटुंबांना हे सहज साधता येते.

आणि वडिलांचे मित्र? सहीह मुस्लिममध्ये आहे की, मक्केच्या वाटेवर ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना एक ग्रामीण अरब भेटला. त्यांनी त्याला आपले वाहन आणि डोक्यावरचा फेटा देऊन टाकला. सोबत्यांना आश्चर्य वाटले, तेव्हा त्यांनी सांगितले की, याचे वडील माझ्या वडिलांचे मित्र होते, आणि वडिलांच्या मित्रपरिवाराशी संबंध राखणे ही मोठी नेकी असल्याचे मी प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. हा प्रसंगही प्रवासातलाच आहे. ज्यांचे वडील आता हयात नाहीत, त्यांच्यासाठी त्या गावातील एक वृद्ध मित्र हे पित्याची सेवा करण्याचे अजूनही उघडे असलेले दार आहे. ते किती दिवस उघडे राहील, हे अल्लाहच जाणतो. मुलांना तेथे न्यावे, त्यांच्या आजोबांच्या तरुणपणीच्या गोष्टी त्या वृद्धाच्या तोंडून ऐकू द्याव्यात.

घरात विचार करण्यासाठी

पुढील प्रवासापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून या प्रश्नांची उत्तरे शोधावीत.

– आपल्या वाटेवर आई, वडील, आजीआजोबा यांच्यापैकी कोणाचे कोणते जिवलग राहतात?
– त्यांना आपण कधी आणि कशा शब्दांत विचारणार, म्हणजे त्यांना नकार देणे सोपे जाईल?
– आपल्या येण्याने त्या घरातील स्त्रीवर किती भार पडेल आणि तो आपण कसा हलका करणार?
– त्या घरी आपण कोणाची विचारपूस विशेष करून करणार आहोत?

महामार्गावरून खाली उतरून पुन्हा वर येण्यात फार तर दोन तास जातील. ते दोन तास अल्लाहसाठी गेले असतील, तर त्या प्रवासातील सर्वांत मौल्यवान अंतर कदाचित तेवढेच ठरेल. अल्लाह आपल्या भेटी निःस्वार्थ करो आणि आपल्या मित्रांना आपल्यासाठी व आपल्याला त्यांच्यासाठी दिलासा बनवो. आमीन.