वेश भुताचा, चिठ्ठी खरी

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की दारोदारी भोपळे मांडले जातात आणि त्याच सुमाराला शेजाऱ्यांकडून पॉटलकचा निरोप येतो. ३१ तारखेला संध्याकाळी जमायचं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, जमलं तर हॅलोविनच्या थाटाचा. अंगतपंगतीला सरावलेल्या आपल्या माणसांना यात अवघड काही वाटत नाही. पण गोम आहे ती त्या शेवटच्या अटीत. एरवी पदार्थाकडे नुसतं बघून तो काय आहे हे निम्मंअधिक कळतं. या एका संध्याकाळी मात्र टेबलावरचं सगळंच मुद्दाम सोंग घेऊन आलेलं असतं. बिस्किटांची चेटकिणीची बोटं झालेली असतात, लिचीचे डोळे, पिठाच्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या सॉसेजच्या मम्मी. मजा त्यातच आहे, आणि घोळही तिथेच होतो.

आमच्या गल्लीतल्या अशाच एका पार्टीत काळ्या कढईत हिरवागार ‘दलदलीचा चिखल’ ठेवला होता. वर ऑलिव्हचे कोळी, शेजारी निळ्या मक्याच्या चिप्स. पुढ्यातल्या चिठ्ठीवर पदार्थाचं नाव आणि ‘व्हीगन’ एवढंच लिहिलेलं. माझ्या नणंदेच्या मुलाला काजूची ॲलर्जी आहे. तो वयाने लहान असला तरी याबाबतीत सावध आहे, विचारल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. पण हिरवा रंग बघून त्याला ते ग्वाकामोले वाटलं, आणि ते काय असतं हे त्याला ठाऊक होतं. दोन-तीन चिप्स खाल्ल्या असतील नसतील, त्याचे ओठ सुजायला लागले, अंगावर गांधी उठल्या आणि मग खोकला सुरू झाला. नणंदेच्या पर्समध्ये एपिनेफ्रिनचं इंजेक्शन होतं. तिने ते तिथल्या तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं, मी ९११ला फोन लावला. पोराला हुशारी वाटायला लागली तरी रुग्णालयात त्याला काही तास ठेवून घेतलं, कारण अशी रिॲक्शन ओसरून पुन्हा उलटू शकते. तो सुखरूप घरी आला.

त्या डिपमध्ये सावर क्रीमऐवजी भिजवलेल्या काजूंची पेस्ट होती. करणाऱ्या बाईंनी ती आमच्यासारख्या शाकाहारी आणि दूध न चालणाऱ्या पाहुण्यांचा विचार करून, आठवणीने घातली होती. त्यांच्या हेतूला नाव ठेवायला जागा नाही. पण ‘व्हीगन’ या पाटीने पदार्थात काय नाही ते कळतं, काय आहे ते कळत नाही. त्या संध्याकाळपासून पॉटलकला जाताना आणि घरी पॉटलक करताना मी जे पाळते, ते इथे सांगते आहे.

पहिली गोष्ट चिठ्ठीची. अमेरिकेत पाकीटबंद पदार्थांवर ९ ॲलर्जीकारक घटक ठळकपणे सांगणं कायद्याने सक्तीचं आहे: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, काजू-बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. आपल्या पातेल्याला हा कायदा लागू नाही, म्हणून ते काम आपणच करायचं. आणि आपल्या मराठी स्वयंपाकात तर या यादीतलं बरंच काही न दिसणारं असतं. कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात दाण्याचं कूट, रश्श्याला दाटपणा यावा म्हणून काजू, चटणीत तीळ. आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं आहे की घटक सांगताना आठवतही नाही. हिंगाचं तर कोणाच्या मनातही येत नाही. डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे फोडणी दिलेली साधी डाळही गहू वर्ज्य असलेल्या माणसाला चालेलच असं नाही. २०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. अशा वर्षी फराळाची चकली कोळ्याचं जाळं म्हणून हमखास टेबलावर येते. तिच्यातले तीळ आणि चिवड्यातले दाणे-काजू चिठ्ठीवर यायलाच हवेत.

चिठ्ठीवर गमतीचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, पण खाली पदार्थाचं खरं नाव आणि सगळे घटक लिहा. विकतचं काही घातलं असेल तर त्याच्या वेष्टनाचा फोटो फोनमध्ये ठेवा. छोट्या चॉकलेटांच्या सुट्या वेष्टनांवर बऱ्याचदा घटक छापलेले नसतात आणि छोट्या-मोठ्या आकारांच्या घटकांत फरकही असू शकतो, म्हणून त्यांची मूळ पिशवी फेकू नका. प्रत्येक पदार्थाला आपला चमचा हवा. एका भांड्यातला चमचा दुसऱ्यात गेला की सगळ्या चिठ्ठ्या खोट्या ठरतात.

दुसरी गोष्ट शाकाहाराची. घरात मांसाहार न करणारे असतील तर हॅलोविनचं टेबल फसवं आहे. मार्शमेलोची भुतं, जेलीचे किडे, थरथरणारी हिरवी जेली या सगळ्यांत बहुतेक वेळा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. कँडी कॉर्नमध्येही ते असतं, शिवाय त्याची चकाकी बहुधा लाखेची असते. डब्यातल्या रिफ्राइड बीन्समध्ये कधी डुकराची चरबी निघते, वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे. लाल रंगासाठी कारमाइन वापरलं असेल तर ते कीटकांपासून येतं. जेली करायचीच असेल तर आपलं चायना ग्रास झकास लागतं. चरबी नसलेले बीन्सचे डबेही मिळतात, फक्त डबा उलटून वाचावा लागतो.

तिसरी गोष्ट घड्याळाची. हॅलोविनचा कार्यक्रमच असा की पाच-साडेपाचला टेबल मांडायचं, मग मुलं ट्रिक ऑर ट्रीटला निघतात, निम्मे आईबाप त्यांच्यामागे, आणि सगळे परत येऊन निवांत जेवायला बसतात तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. तोवर अन्न तसंच पडून. इथल्या कृषी खात्याचा नियम सोपा आहे. नाशवंत पदार्थ ४० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ ते ६० सेल्सिअस, या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. गरम पदार्थ स्लो कुकरमध्ये गरमच राहू द्या, गार पदार्थाचा ट्रे बर्फाच्या परातीत ठेवा, आणि सगळं एकदम न मांडता थोडं थोडं बाहेर काढा. ‘बाहेर थंडीच आहे, गॅरेजमध्ये राहू दे’ हे इथे सर्रास ऐकू येतं. ऑक्टोबरअखेरची संध्याकाळ आपल्याला गारठवते, पण ती बहुतेक वेळा ४० अंशांच्या वरच असते. गॅरेज म्हणजे फ्रिज नव्हे. भाताबाबत तर जास्तच जपा. त्यातल्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि भात कोमट राहिला की त्यांचं जे विष तयार होतं ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. आदल्या रात्री केलेला मसालेभात पातेल्यात तसाच झाकून ठेवू नका. पसरट ट्रेमध्ये काढून लगेच फ्रिजमध्ये टाका.

चौथी गोष्ट देखाव्याची. पंचातून धूर निघावा म्हणून ड्राय आइस टाकतात. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश सेल्सिअसचा. त्याचा खडा हाताला किंवा तोंडाला लागला तर चटका बसतो, गिळला तर आतड्याला इजा होते. तो पूर्ण विरल्याशिवाय पंच ओतू नये, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी. मला विचाराल तर लहान मुलं असतील तिथे तो नकोच. काळ्या रंगासाठी ॲक्टिव्हेटेड चारकोलही टाळा. रोजच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या पोटातलं औषध तो शोषून घेतो. द्राक्षांचे डोळे सुंदर दिसतात, पण चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं. त्यांच्यासाठी उभे चार तुकडे करा. काडी खोचलेली कॅरमलची सफरचंदं नेणार असाल तर ती फ्रिजमधून थेट टेबलावर आणा. २०१४ साली अशा तयार सफरचंदांतून लिस्टेरियाची साथ पसरली होती आणि त्यात माणसं दगावली. काडीच्या भोकातून रस बाहेर येतो आणि कॅरमलखाली जिवाणूंना ओलावा मिळतो.

एवढं वाचून हात आखडू नका. नेण्यासारखं पुष्कळ आहे. माझा पहिला मान भोपळ्याच्या घारग्यांना. भोपळ्याचा कीस गुळाबरोबर आटवायचा, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ, जायफळ घालून घट्ट मळायचं. जरा जाडसर लाटून वटवाघळाच्या साच्याने कापायचं आणि मंद आचेवर तळायचं. पातळ लाटलं तर पंख आधी करपतात. कोरीवकामाचा मोठा भोपळा घेऊ नका, तो पाणचट आणि धागेदार असतो. पाय पम्पकिन किंवा डब्यातला साधा गर घ्या. ‘पाय फिलिंग’ लिहिलेल्या डब्यात साखर-मसाले आधीच असतात, तो नको. घारगे बाहेर राहिले तरी बिघडत नाहीत. मुलं परतेपर्यंत निश्चिंत.

दुसरा पदार्थ नारिंगी ढोबळ्या मिरच्यांचा. देठाकडचं झाकण कापायचं, बारीक सुरीने डोळे-तोंड कोरायचं, आत राजम्याची कोरडी उसळ भरून ओव्हनमध्ये भाजायचं. तोंडातून राजमा डोकावतो आणि जे आहे ते दिसतंही. तिसरा, क्रेसेंट रोलच्या पिठाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या पनीरच्या मम्मी. सॉसेजच्या मम्मी असतील तर त्यांचा ट्रे वेगळा ठेवायला सांगा. आणि रक्तासारखं प्यायचं असेल तर कोकम आहेच. आगळ खारट असतं, म्हणून साखरेतलं सिरप घ्या आणि वरून सोडा. पावडर नसलेला, धुतलेला नायट्राइलचा हातमोजा कोकमाच्या पाण्याने भरून गोठवला की पंचात तरंगणारा लाल पंजा तयार. लेटेक्सचा मोजा वापरू नका, त्याचीही ॲलर्जी असते.

पॉटलकचं यजमानपद तुमच्याकडे असेल तर निरोप पाठवतानाच कोणाला काय चालत नाही ते विचारा, आणि रिकाम्या चिठ्ठ्या व पेन टेबलाच्या टोकाला ठेवा. कोणाला रिॲक्शन आलीच तर इंजेक्शन दिल्यावरही ९११ला फोन करा, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबू नका. पाहुण्यांना पदार्थाच्या रूपाने हवं तेवढं घाबरवा. त्यात काय आहे ते मात्र पहिला घास घेण्याआधी त्यांना कळू द्या.