थेंबांचं गणित आणि झटक्यांचं इंजेक्शन

प्रश्न : मी अंबड तालुक्यातली, एएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेत सलाईनचे थेंब आणि मॅग्नेशियम सल्फेट विचारलं की गोंधळते. काय पाठ करू?

उत्तर : थेंबांचं सूत्र एकच आहे : मिलिलिटर गुणिले सेटचे थेंब, भागिले मिनिटं. ५०० मिलि सलाईन चार तासांत, सेट २० थेंबांचा. म्हणजे १०,००० भागिले २४०, मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेटच्या पाकिटावरचा आकडा आधी वाचा, मायक्रोसेटला तो ६० असतो. बहुतेक चुका तिथेच होतात.

मॅग्नेशियम सल्फेट मात्र नुसतं पाठ करू नका. गरोदर बाईला रक्तदाब वाढून झटके आले, की उपकेंद्रावर तुम्हीच पहिला डोस द्यायचा आणि जालन्याला पाठवायचं. ५० टक्क्यांच्या २ मिलि अँप्युलमध्ये १ ग्रॅम औषध असतं. दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. म्हणजे एकूण दहा अँप्युल! हा आकडा ऐकून मुली दचकतात आणि कमी भरतात. तसं करू नका.

पुढच्या प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी बघा : गुडघ्याचा झटका येतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, लघवी तासाला किमान ३० मिलि होते का. औषध अंगात जास्त झालं, की आधी गुडघ्याचा झटका जातो, श्वास नंतर मंदावतो. म्हणून परीक्षक हातोडी पुढे करतात. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेट. तो ट्रेमध्ये आधीच काढून ठेवा.