सहकारी हप्ते घेतो, मुलाने काय करावे?

प्रश्न : मुलगा पोलीस शिपाई आहे. सहकारी हप्ते घेतो हे त्याला दिसते, पण बोलायची भीती वाटते. – एक वडील, कोल्हापूर

उत्तर : भीती खरी आहे. ठाण्यात कामाच्या पाळ्या लावणाऱ्या हजेरी मास्तरने सलग रात्रपाळ्या लावल्या, गोपनीय अहवालात शेरा आला, की नोकरी नकोशी होते. त्यात जागल्यांना संरक्षण देणारा 2014 चा कायदा अजून अमलात आलेला नाही. तरीही गप्प राहू नये. गुन्हा पोलिसांवरही दाखल होतो : वारणानगरची कोट्यवधींची रोकड लाटल्याच्या प्रकरणात 2017 मध्ये कोडोली ठाण्यात गुन्हा नोंदला गेला तो सांगलीच्या पोलिसांवरच! चिरंजीवांनी ठाण्यात वाच्यता न करता तारीख, वेळ, ठिकाण टिपून ठेवावे आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर कळवावे. नाव गुप्त ठेवा, असे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे.